हुशार खुन्याचा संशयित

आमच्या गावापासून तालुक्याला जाणारी गाडीवाट तापीच्या काठाकाठानं जाते. एकोणीसशे सत्तावन्नच्या हिवाळ्यात त्या वाटेवर एकामागून एक तीन माणसं मारली गेली. पहिला होता बैल विकून परतणारा शेतकरी, दुसरा एक फिरस्ता कल्हईवाला आणि तिसरा होळ्या. होळ्या सातपुड्यातून बायकोला घेऊन कापूस वेचायला खाली आला होता. तिघांचाही गळा आवळलेला, तोंडावर त्यांचंच फडकं नीट पसरलेलं आणि खिशातले पैसे, अगदी चिल्लरसुद्धा, जागच्या जागी.

पहिल्या खुनानंतर गाव घाबरलं. दुसऱ्यानंतर विचार करू लागलं. तिसऱ्यानंतर मात्र गावाला त्या खुन्याचा अभिमानच वाटायला लागला, कारण तो सापडत नव्हता आणि पोलिसांना सापडत नाही तो माणूस साधासुधा कसा असेल? न्हाव्याच्या दुकानासमोर रोज नवा शोध लागायचा. खुनी जोडे उलटे घालून चालतो. नाही, तो सारंगखेड्याच्या बाजारातनं घेतलेल्या घोड्यावरून येतो आणि घोड्याला नाल उलटे ठोकलेले आहेत. शाळेच्या मास्तरांनी जमिनीवर काडीनं रेघा ओढून दाखवलं की खुनाच्या तिन्ही जागा जोडल्या तर बरोबर त्रिकोण होतो, म्हणजे खुन्याला भूमिती येते. कुठल्याही तीन जागांचा त्रिकोणच होतो, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. उलट त्या दिवसापासून खुनी मॅट्रिक पास आहे हे नक्की झालं.

तालुक्याहून फौजदार आला तो याच मताचा होता. तो घाटावरचा, पुस्तकी मराठी बोलणारा. चावडीत टेबल टाकून त्यानं जाहीर केलं, "हा गुन्हेगार असामान्य बुद्धीचा आहे. म्हणून मी बुद्धीच तपासणार." मग त्या वाटेनं जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला तो बोलवायचा आणि एकच प्रश्न विचारायचा : समजा, तुम्ही खून केला, मागून माणसं येताहेत, पुढे नदी आहे. काय कराल? मास्तरांनी चांगली तीन उत्तरं दिली, म्हणून त्यांना दोन दिवस बसवून ठेवलं. वाहरू कंपाउंडरला तर पुन्हा पुन्हा बोलावणं आलं. वाहरू बाहेर आला की लोक त्याला बसायला जागा देऊ लागले.

धुडकू पाटलांचा सुकलालही त्या वाटेनं मळ्यात जायचा. मोठा सरळ पोरगा. त्याचं लग्न पलीकडच्या गावच्या भिकन पाटलांच्या रंजनाशी ठरलं होतं. साखरपुडा झालेला, फक्त तिथी काढायची बाकी होती. त्यालाही फौजदारानं तोच प्रश्न विचारला.

"बोल. काय करशील?"

"साहेब, पन खून कसाले कराना?"

"समज, केला."

"कोना?"

"कुणाचाही!"

"मंग तो घर नही उना म्हनीसन त्यान्ही माय वाट पाहत ऱ्हाई," सुकलाल म्हणाला. "मी पह्यले तिले सांगाले जासू."

फौजदारानं कपाळाला हात लावला. चावडीबाहेर पन्नासएक माणसं उभी होती. त्यांच्यासमोर तो ओरडला, "घेऊन जा रे याला! याला कोंबडी मारायची तरी शेजाऱ्याला विचारावं लागेल. एवढे खून करायला डोकं लागतं, डोकं!"

लोक हसले. सुकलालही थोडा हसला, कारण सुटका झाली होती. घरी त्याची आई जसोदाबाई मात्र डोक्याला हात लावून बसली. "पोऱ्या सुटना म्हनी हासू, का असा सुटना म्हनी रडू?"

आठवड्याच्या आत भिकन पाटील बैलगाडी जोडून आले. पाणी प्याले, चहा घेतला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"धुडकूभाऊ, राग मानू नका. पन सरकारच म्हनी ऱ्हायनं, तुमना पोऱ्याले डोकं नही. मी पोर कशी देऊ?"

"आरे, त्यानी खून नही करा म्हनी सरकार सांगस!"

"ते खरं. पन कसाले नही करा? त्याले जमतच नही म्हनीसन. वाहरूले देखा. त्याले सोडाले फौजदारना जीव होत नही."

भिकन पाटलांच्या मनात आता वाहरू होता, हे धुडकू समजून चुकले. दुसऱ्या दिवशी ते धोतर बदलून चावडीत गेले.

"साहेब, मन्हा पोऱ्याले परत इचारा."

"का?"

"त्याले डोकं शे. बंद पडेल ऑइल इंजिन त्यानी एकलानी चालू करं. त्याले देखीसन भाकड गायबी दूध देस."

फौजदार पुढे झुकला. "म्हणजे तुमचं म्हणणं, तुमच्या मुलानं खून केले?"

"तसं नही म्हनस, साहेब," धुडकू हात जोडून म्हणाले. "पन त्यानी मनवर लिधं, तर तो करू शकस."

फौजदाराच्या नोकरीत बापानं मुलाविरुद्ध अशी साक्ष कधी दिली नव्हती. तो रात्रभर विचार करत राहिला आणि सकाळी त्याला सगळं लख्ख दिसलं. चावडीत दिलेलं ते बावळट उत्तर! इतकं बावळट उत्तर खरा बावळट देईलच कसा? त्यानं सुकलालला मळ्यातून उचललं आणि तालुक्याच्या कोठडीत टाकलं.

गावात धुडकूंचा मान एका दुपारीत वाढला. न्हाव्यानं त्यांना आधी बसवलं. भिकन पाटलांनी निरोप धाडला की तिथी काढायला हरकत नाही. पण जसोदाबाईनं चूल पेटवली नाही. "तुमले मान मियना," ती नवऱ्याला म्हणाली. "आते त्याले फाशी दिधी म्हंजे आखो मान मियी." फाशीचा विचार धुडकूंनी तेव्हा कुठे केला.

कोठडीच्या गजांशी एके दिवशी एक बाई येऊन उभी राहिली. ती गंगीबाई, होळ्याची बायको. नवरा गेल्यापासून ती चावडीत आणि कचेरीत येऊन बसायची. तिला भेटेल तो खुन्याबद्दलच विचारायचा, गाठ कशी होती, फडकं किती सफाईनं पसरलं होतं. होळ्याबद्दल कुणी विचारत नव्हतं. तिनं सुकलालला नीट न्याहाळलं आणि तोडक्या अहिराणीत विचारलं,

"तू मारा का?"

"नही, माय."

"मंग आठे काय करस?"

"मी हुशार शे म्हनतस."

गंगीबाईला ते काही कळलं नाही. सुकलाललाही कळलं नव्हतं. मग त्यानं विचारलं, "होळ्यादादा कसा व्हता?" ती तिथंच जमिनीवर बसली. होळ्या होळीला कमरेला घुंगरं बांधून नाचायचा, त्याला मीठ जास्त लागायचं, तो झोपेत हसायचा, असं काय काय ती सांगत राहिली. शिपायानं उठवलं तेव्हाच उठली.

त्यानंतर चारच दिवसांनी वाटेवर चौथा खून झाला. एका बांगडीवाल्याचा. तसाच आवळलेला गळा, तोंडावर फडकं. जसोदाबाई रडली आणि आपल्याला रडताना हायसं वाटतंय म्हणून पुन्हा रडली. आता पोरगा सुटणार! धुडकू धावत कचेरीत गेले.

फौजदार खुशीत येरझाऱ्या घालत होता. "पाहिलंत? स्वतः कोठडीत आणि खून बाहेर! केवढी ही योजना! पाटील, तुमचा मुलगा माझ्या अंदाजाच्याही पुढे निघाला."

धुडकू तिथंच भुईवर बसले. "साहेब, तो येडा शे. जल्मपासून येडा शे. मी खोटं बोलनू."

"आता उशीर झाला," फौजदार म्हणाला.

सुकलाल बहुधा त्या कोठडीतच म्हातारा झाला असता. पण चार खून होऊनही आरोपपत्र होईना, म्हणून वरच्यांनी फौजदाराची बदली केली. नवा आला तो जाडजूड, झोपाळू. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि जांभई दिली. "चार माणसं मारली आणि चिल्लरही घेतली नाही? हा हुशार कसला? हा महामूर्ख आहे. पुढं काय करणार हे त्याचं त्यालाच माहीत नाही, म्हणून तो सापडत नाही." मग त्यानं सुकलालकडे बोट दाखवलं. "आणि हा कोण?"

"अतिशय बुद्धिमान इसम, साहेब," शिपाई म्हणाला. "आधीच्या साहेबांनी तसा शेरा मारलाय."

"मग याला इथं कशाला ठेवलंय? सोडा!"

सुकलाल सुटला तो सरकारमान्य बुद्धिमान होऊन. इकडे गावात पळापळ झाली. ज्याला त्याला आता शहाणं दिसायचं होतं. मास्तर रस्त्यानं मोठ्यानं पाढे म्हणत जाऊ लागले. वाहरूला एका औषधाचं नाव आठवलं नाही तेव्हा त्याला दरदरून घाम फुटला. भिकन पाटील पेढे घेऊन आले आणि घरी जाऊन मुलीला म्हणाले, "नशीबवान शेस. नवरा हुशार शे."

"मी फौजदारले इचारीसन हो म्हनेल नव्हतं," रंजना म्हणाली आणि गूळ फोडायला निघून गेली.

वैशाखात लग्न निघालं. मुहूर्त गोरजाचा, आणि वऱ्हाडाला जायची वाट तीच, नदीकाठची. सुकलाल घोड्यावर, पुढे वाजंत्री, मागे माणसं. झाडी दाट होऊ लागली तशी मागची माणसं पुढे सरकू लागली. सगळ्यांच्या शेवटी कुणालाच चालायचं नव्हतं. रेटारेटीत जो तो मधे घुसला, मधले पुढे गेले, पुढचे वाजंत्र्यांच्याही पुढे निघाले आणि वाजंत्री जवळजवळ पळत वाजवू लागले.

सुकलालनं मागे वळून पाहिलं. बरीच मागे, धुळीत, एकटी गंगीबाई येत होती. मजुरीनं तिनं वरातीची गॅसबत्ती डोक्यावर घेतली होती, आणि बत्ती पेटलेली असल्यामुळं तिला पळता येत नव्हतं.

भिकन पाटील वेशीवर ओवाळणीचं ताट घेऊन उभे होते. धापा टाकत वाजंत्री आले, वऱ्हाडी आले, धुडकू आले आणि त्यांच्यामागून रिकामा घोडा आला.

"नवरदेव कोठे शे?" भिकन पाटील ओरडले. माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. बायकांनी हंबरडाच फोडला. वाहरू म्हणाला, "पाचवा." धुडकू आल्या वाटेनं उलटे पळत सुटले.

वळणावर त्यांना बत्तीचा उजेड दिसला. बत्ती सुकलालच्या डोक्यावर होती, बाशिंग गंगीबाईच्या हातात. दोघं बोलत सावकाश येत होते.

"आरे येडा," धुडकू म्हणाले, "तू घोडावरथीन कसाले उतरना?"

"ती मांगे ऱ्हायनी व्हती, बापू," सुकलाल म्हणाला.

धुडकूंनी बत्तीला हात लावून पाहिला. ती चांगलीच तापली होती. त्यांनी ती काढून आपल्या डोक्यावर घेतली, आणि तिघंही वेशीकडे चालू लागले.