कव्हरं माझी, तबकड्या दादाच्या

आमच्या दादाइतका आडमुठा माणूस शोधून सापडणार नाही. सापडलाच तर तो मी असेन, असं आई म्हणते. पण आई महिनाभर त्याच्याकडे आणि महिनाभर माझ्याकडे राहते, त्यामुळे तिला दोघांनाही नावं ठेवावीच लागतात.

दादा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतो. त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्यामुळे जगातली कुठलीही गाडी आपण बसल्या जागी थांबवू शकतो, असा त्याचा समज झालाय. वडील गेल्यावर भाड्याचं घर रिकामं करताना तो असाच ब्रेक दाबत होता. मी कपाटाला हात लावला, “थांब.” घड्याळाला लावला, “थांब.” पलंग त्याने घेतला, कारण तो त्याच्या पगारातून आला होता. गादी मी घेतली, कारण ती माझ्या पगारातून आली होती. शेवटी उरल्या वडिलांच्या रेकॉर्ड्स. भिंतभर.

आधी कुणी निवडायचं यावरून दुपार गेली. तेवढ्यात दादा म्हणाला, “गाणी कशात असतात? तबकडीत. तबकड्या मी नेतो. तू कव्हरं घे आणि चित्रं बघत बस.”

दुसरा कुणी असता तर हसण्यावारी नेलं असतं. माझं डोकं फिरलं. “ने!” मी म्हणालो. “वर्तमानपत्रात गुंडाळून ने. एक कव्हर देणार नाही.”

आणि खरोखरच आम्ही दोघं, डोक्यावर पांढरे केस आलेले बाप्ये, जमिनीवर बसून एकेक तबकडी कव्हरातून उपसत राहिलो. आई गुंडाळलेल्या गादीवर बसून बघत होती.

बाकीच्यांचं मला फारसं काही नव्हतं. पण निळी मला हवी होती. निळी म्हणजे निळ्या कव्हराची रेकॉर्ड. वर ना चेहरा ना चित्र, नुसता निळा रंग. कुठल्याशा बंद पडलेल्या छोट्या कंपनीने काढलेली, त्यामुळे दुर्मिळ. सुट्टीच्या दिवशी सकाळी वडील ती लावायचे आणि ती संपेपर्यंत घरात मिक्सर फिरवायची कुणाची छाती नव्हती. एवढी एक मला अख्खी हवी होती, विकायला नाही, ऐकायला. दादाकडे तबकडी मागितली. तो म्हणाला, “कव्हर दे.” मी म्हणालो, “तबकडी दे.” बोलणं तिथेच संपलं.

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. त्यात भागत नाही, म्हणून ऑनलाइन कव्हरं विकायला लागलो. ज्यांची फाटलेली असतात ते रिकामी कव्हरं घेतात, पण रडत रडत. तिकडे दादानेही नागड्या तबकड्या विकायला काढल्या. त्याची जाहिरात मी रोज बघायचो: “आवाज उत्तम. कव्हर नाही. कारण विचारू नये.” मीही लिहिलं, “कव्हर उत्तम. तबकडी एका नतद्रष्टाकडे आहे.”

माझं एकच गिऱ्हाईक पक्कं होतं. नाव ‘सबंध रेकॉर्ड’. घ्यायचं सगळं, पण जीव नकोसा करून. “कोपऱ्याला घडी आहे. फोटो काढताना तुमचा अंगठा नेमका तिथेच कसा आला?” किंवा, “फाटलं ते चिकटपट्टीने झाकून वर चांगुलपणा मिरवू नका.” मी चिडून लिहायचो, नको असेल तर घेऊ नका. लगेच उत्तर, “घेणार आहे. भाव कमी करून.”

असंच एकदा मी मोबाईल आपटला, तेव्हा आई शेजारी जमिनीवरच्या गादीवर बसली होती.

“कोण रे तो, एवढा त्रास देतो?”

“आहे एक खडूस म्हातारा.”

“म्हातारा कशावरून?”

“मेसेजमध्ये स्वल्पविराम देतो.”

“हं,” म्हणून तिने पुन्हा आपल्या मोबाईलमध्ये डोकं घातलं. ती दिवसभर त्यावर रंगीत गोट्या जुळवायचा खेळ खेळते, अशी माझी समजूत होती. मग गुडघे धरून, भिंतीला हात लावून, दोनदा खाली बसून ती एकदाची उठली.

“पलंग दादाकडे आहे,” मी म्हणालो. “त्याला सांग.”

“त्याला सांगितलं की तो म्हणतो, गादी धाकट्याकडे आहे.” दादाकडे ती पलंगाच्या फळ्यांवर गोधडी टाकून झोपायची. तिथून यायची ती पाठ धरून आणि माझ्याकडून जायची ती गुडघे धरून. दोन्हीला जबाबदार दादाच, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मग खडूसने निळीचं कव्हर मागितलं. भाव असा की मी तो दोनदा वाचला. तरी कळवलं, विकायचं नाही. तो म्हणाला, “तबकडीशिवाय त्याचं काय करता? वारा घेता?”

अंगाची लाही लाही झाली. पण त्याच रागात एक विचार सुचला. कव्हर परक्याच्या घरी गेलं, तर दादाची तबकडी जन्मभर नागडी राहील. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात, तेच हे, हे मला कळत होतं. तरी विकलं. पार्सल बांधताना वाईट वाटत होतं, आणि गंमत म्हणजे आनंदही होत होता.

थोड्याच दिवसांत ‘सबंध रेकॉर्ड’च्या पानावर निळी झळकली. अख्खी. कव्हरामागे वडिलांच्या कपाचा गोल डाग, आणि तबकडीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका. पहिली बाजू ओळखू यावी म्हणून वडिलांनी आईच्या बाटलीतून तो लावला होता. म्हणजे दादानेच खोट्या नावाने माझ्याकडून कव्हर उकळलं होतं! मी काच चाकावर तशीच सोडली आणि निघालो.

पार्सलांवरचा पत्ता पुलापलीकडचा होता, एका कुरिअरच्या दुकानाचा. पोचतो तर दारात टपावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी लावलेली दादाची गाडी. आत स्टिअरिंग घट्ट धरून एक शिकाऊ मुलगी बसलेली, आणि दादा फुटपाथवर लालबुंद.

“चोरा!” तो ओरडला. “खोट्या नावाने तबकडी लाटलीस!”

“मी? कव्हर तू लाटलंस!”

“मी कव्हर घेतलंच नाही!”

“मग मी तबकडी घेतली का?”

काउंटरवरच्या कुरिअरवाल्या बाई म्हणाल्या, “भांडायचं तर रस्त्यावर भांडा. आणि आजींच्या पार्सलांवर पाय देऊ नका.”

“कुठल्या आजी?”

त्यांनी पेनाने मागच्या खोलीकडे दाखवलं.

आई टेबलाशी बसून कात्रीने पुठ्ठा कापत होती. मागच्या फळीवर वडिलांच्या रेकॉर्ड्स उभ्या होत्या, आपापल्या कव्हरांत.

“तू गुडघ्यांच्या व्यायामाला जातेस ना?” दादाने विचारलं. तो महिना त्याचा होता.

“हाच व्यायाम. दार लावा, धूळ येते.” मग माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाली, “खडूस म्हणालास ते चालेल. म्हातारा काय म्हणून?”

“आई, तू आमच्याच वस्तूंवर धंदा करतेस?” दादाचा आवाज चढला.

“तुमच्या? विकल्यात ना तुम्ही? मी माझ्या पेन्शनमधून घेतल्या, पुसल्या, कव्हरात घातल्या. अर्ध्याला कुत्रं विचारत नाही रे, अख्ख्याला लोक मागाल तो भाव देतात. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. तिसरी तुमच्या घरातच बसली होती. तिच्याकडे बघायला दोघांपैकी एकाला सवड नव्हती.”

“निळी कुठे आहे?” मी विचारलं.

“गेली. काल विकली.”

लहान मुलासारखं रडू फुटेल असं वाटलं. “बाबांची निळी, आणि तू विकलीस?”

“तुम्ही विकलीत. मी फक्त जोडून विकली.” तिने कात्री खाली ठेवली. “त्या पैशांत या दुकानावरच्या खोलीचं डिपॉझिट भरलं. उद्यापासून मी तिथे राहणार.”

दादाने सवयीने ब्रेक दाबला. “थांब. लोक काय म्हणतील?”

“लोकांना सांग, आईची वाटणी मोडली.”

“तू माझ्याकडे राहा,” मी म्हणालो. “कायमची.”

“त्याच्याकडे कशाला? माझ्याकडे राहील,” दादा म्हणाला.

“तुझ्याकडे? फळ्यांवर?”

“आणि तुझ्याकडे? जमिनीवर?”

आमचं होईपर्यंत तिने आणखी एक पार्सल बांधलं. मग शांतपणे म्हणाली, “पलंग त्याच्याकडे, गादी तुझ्याकडे. उद्या दोन्ही आणून द्या. आणि एकाच गाडीतून. दोन गाड्यांचं भाडं मी देणार नाही.”

दुसऱ्या दिवशी आम्ही तो पलंग अरुंद जिन्यातून वर चढवला. दादा वर, मी खाली. “डावीकडे घे.” “कुणाच्या डावीकडे?” “अक्कल आहे का तुला?” माझी बोटं दोनदा भिंतीत चेंगरली, दुसऱ्यांदा तर त्याने मुद्दाम चेंगरली असावीत.

पलंग लागला. त्यावर गादी पडली. आई काठावर बसली, तिने तळव्याने गादी दाबून बघितली आणि मग सरळ आडवी झाली. वडील गेल्यापासून ती अशी पाठ टेकून, पाय लांब करून पडलेली मी पाहिलीच नव्हती. मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून दादाचा आणखीच राग आला. तो खिडकीबाहेर बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

“बरं वाटतंय का?” मी विचारलं.

आईने डोळे मिटले.

“जाताना दार ओढून घ्या,” ती म्हणाली. “दोघंही.”