दाव्यासकट दिलेली गाडी

नवशाची गाडी पहिल्यांदा कार्ल्यात आली, तेव्हा वरच्या वाडीतल्या बायकांनी तिच्या दिव्यांना हळदकुंकू लावलं आणि म्हाताऱ्या कोंडूनं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "आता हिला वैरण काय घालायची?" सगळे हसले. पण नवशाचा स्वभाव ज्यांना ठाऊक होता, त्यांना त्यात फारसं हसण्यासारखं वाटलं नाही. वीस वर्षं मोटार हाकूनही हा माणूस तिच्याकडे बैलासारखंच बघायचा. चढ चढून आली की बॉनेटवर थाप मारायचा, तापली की आधी तिला पाणी आणि मग स्वतःला.

गाडी म्हणजे जुनी काळी मॉरिस, लोणावळ्याच्या नाडकर डॉक्टरीणबाईंची; नवशा त्यांचा ड्रायव्हर. बाई एकट्या, फटकळ आणि हाताला यश असलेल्या. वराळ्याला बाई अडली, इंदुरीला मूल आडवं आलं, की माणूस धावत लोणावळ्याला यायचा आणि नवशा गाडी काढायचा. मावळातली निदान शंभर पोरं या गाडीच्या भरवशावर जगात आली, असं तो सांगायचा. थोडं वाढवून सांगत असेल, पण फार नाही.

एक बाळंतपण मात्र राहून गेलं होतं. चौदा वर्षांपूर्वी तो बाईंना घेऊन वराळ्याला गेला होता आणि इकडे त्याच्याच बायकोच्या पोटात कळा सुरू झाल्या. चिमाबाईचं ते दुसरं बाळंतपण. वाडीतल्या चौघांनी बांबूला घोंगडी बांधून डोली केली आणि साडेतीन कोस चालत तिला लोणावळ्याला आणलं. दवाखान्याला कुलूप होतं. वराळ्याची बाई वाचली, चिमाबाई पोटातल्या जिवासह दवाखान्याच्या पायरीवर गेली. नवशानं बाईंना कधी एका शब्दानं बोल लावला नाही. बाईंनी मात्र स्वतःला तो रोज लावला असावा, कारण चिमाबाईच्या मागं राहिलेल्या चार वर्षांच्या हिराला दर दिवाळीला त्यांच्याकडून परकर-पोलकं यायचं आणि देताना त्या तिच्याकडे बघायच्या नाहीत.

सदुसष्ट सालच्या नोव्हेंबरात बाईंची तब्येत ढासळली. पुण्याहून भाचा न्यायला येणार होता. आदल्या दिवशी त्यांनी नवशाला बोलावलं. हिरा तेव्हा पहिलटकरीण, सहावा महिना लागला होता आणि बाळंतपणाला माहेरीच येणार होती.

"गाडी तुझी," बाई म्हणाल्या. "हिराची वेळ येईल तेव्हा ती कार्ल्यात उभी पाहिजे. आणि ती सुखरूप मोकळी होईपर्यंत गाडी घेऊन लांब कुठं जायचं नाही. मला भेटायलासुद्धा नाही. कळलं?"

त्यांनी चावी त्याच्या हातावर ठेवली. चावीला बँडेजच्या पट्टीची दोरी वळून बांधलेली होती, पहिल्यापासून तशीच.

"उद्या तो आला की कागद करून घेऊ. तुझं नाव चढवायला लागेल."

"कागुद कशापायी, बाई?" नवशानं पट्टी मुठीत धरली. "तुमी दाव्यासकट दिलीत. झालं की समदं."

आता हे वाडीबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. नवशाच्या वाडीत जनावर विकलं, तर दावं विकणाऱ्यानं सोडून घरी ठेवायचं आणि घेणाऱ्यानं आपलं आणायचं. पण लेकीला गाय आंदण दिली, तर ती दाव्यासकट. दाव्यासकट दिलेलं कोणी परत मागत नाही आणि घेणारा साक्षही मागत नाही. साक्ष मागितली, तर देणाऱ्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं होतं. ज्या बाईनं शंभर घरांत दिवा लावला, तिच्याकडे कागद मागायचा? नवशाला ते मेल्याहून मेल्यासारखं वाटलं. बाईंना जास्त बोलायचं त्राण नव्हतं आणि नवशानं त्याच संध्याकाळी गाडी कार्ल्याला नेली. दुसऱ्या दिवशी भाच्याला काही सांगायच्या आत त्यांची वाचाच गेली, पण हे नवशाला पुढे फार उशिरा कळलं.

वाडीला गाडीरस्ता नव्हता. नवशा गाडी खाली कार्ल्याला, अंबाजीच्या चहाच्या दुकानामागं लावायचा आणि तिचं मन राखायला रोज सकाळी खाली उतरायचा. हा माणूस कुलपावर विश्वास ठेवणारा नव्हताच, त्यातून दिवाळीत रस्त्यावरची एक जीप चोरीला गेलेली. गाडी हाती आल्यापासून त्याच्या जिवाला घोर लागला होता. ऐन वेळेला लेकीला खाली आणावं आणि गाडी जाग्यावर नसावी, हे त्याला स्वप्नातसुद्धा दिसायचं.

अशा माणसाला गाठायला शेवडे नावाचा एजंट जानेवारीत बरोबर आला. पांढरा सदरा, काखेत कातडी पिशवी. 'सह्याद्री वाहन रक्षा मंडळ, पुणे', अशी पावतीपुस्तकावर अक्षरं.

"वीस रुपये, नवशाभाऊ. इंजिनावर आमचा नंबर ठोकतो, समोर पितळी बिल्ला लावतो, तुमचं नाव आमच्या वहीत. वहीची नक्कल पुण्यापासून खंडाळ्यापर्यंत प्रत्येक चौकीत. गाडी कुठंही गेली, तरी शोधणाऱ्याला सापडणार म्हणजे सापडणार."

"जुन्या गाडीला कशाला येवढं?" अंबाजी चहा गाळता गाळता म्हणाला. "हिला चोरून न्यायची म्हंजी चोराला ढकलत न्यावी लागंल."

"तू गप," नवशा म्हणाला. वीस रुपये म्हणजे त्याच्या दृष्टीनं डोळे पांढरे व्हायची गोष्ट होती, पण त्यानं ते दिले. शेवड्यानं गाडीच्या नोंदणीचं पुस्तक मागितलं नाही. नवशानं सांगितलं ते लिहून घेतलं: मालक, नवशा. पावतीवर तारीख घातली, दहा जानेवारी. नवशानं बिल्ला धोतराच्या सोग्यानं पुसला आणि त्या रात्री दोन महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोपला. कागद नको म्हणणारा माणूस एका पावतीवर झोपला, याला काय म्हणावं!

फेब्रुवारीच्या अखेरीस हिराचे दिवस भरत आले. एक दिवस नवशा गाडीत पेट्रोल भरून आला, तर दुकानासमोर एक शिपाई आणि एक सूटबूटवाला तरुण उभे होते.

"नवशा तूच का? मी विनायक. नाडकर डॉक्टरांचा भाचा. मावशीची गाडी शोधतोय, चौकीतल्या वहीत तुझं नाव सापडलं."

नवशा खुलला. त्यानं लगबगीनं डिकी उघडली. आत आंबेमोहोर तांदळाची पिशवी होती. "बाईंसाठी ठिवलाय. नवा हाय. लेक बाळंत झाली की घिऊन येनारच हुतो. कशा हायेत बाई?"

विनायक जरा घुटमळला. "मावशी गेली. सहा जानेवारीला."

नवशा पिशवी धरून तसाच उभा राहिला. कार्ल्याला कोणी कळवलं नव्हतं. कळवायचं कोणाला, हे तरी पुण्यात कोणाला माहीत होतं? तो खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. विनायकनं त्याला रडू दिलं. तो काही राक्षस नव्हता. पण रडणं थांबल्यावर त्यानं पावती मागितली आणि ती वाचता वाचता त्याचा चेहरा बदलला.

"मावशी सहाला गेली. चौथ्या दिवशी तू तिच्या गाडीवर स्वतःचं नाव ठोकलंस."

"मला काय ठावं, त्या गेल्यात म्हनून? गाडी त्यांनीच दिली. दाव्यासकट."

"कसलं दावं?"

ते नवशाला लोणावळ्याच्या चौकीतसुद्धा समजावता आलं नाही. फौजदार सज्जन होता. त्यानं दोनदा विचारलं, "बाईंनी कागद करते म्हटलं नव्हतं?" आणि नवशा खोटं बोलू शकला असता, पण नाही बोलला. "म्हनल्या हुत्या. म्याच नगं म्हनलं." फौजदारानं हातातलं पेन खाली ठेवलं. मालकाचं पुस्तक विनायकच्या हातात, बाईंच्या नावाचं. नवशाच्या हातात काय, तर मेलेल्या माणसाच्या मालावर चौथ्या दिवशी आपलं नाव चढवल्याची वीस रुपयांची पावती. स्वतः विकत घेतलेला पुरावा, तोही स्वतःच्याच विरुद्ध.

"गाडी देऊन टाक," फौजदार हळू आवाजात म्हणाला. "ते तक्रार करणार नाहीत. नाहीतर मला चोरीचा गुन्हा लिहावा लागेल."

"सायेब, माझी लेक," नवशा म्हणाला. "आठ-पंधरा दिस तरी राहू द्या. मंग न्या."

विनायकनं नकारार्थी मान हलवली. गाडीचं गिऱ्हाईक पुण्यात ठरलं होतं. उद्याच पोचवायची होती.

नवशानं चावी कनवटीतून काढली. टेबलावर ठेवताना त्याचा हात थांबला. ती पट्टी बाईंच्या हातची होती. त्यांच्या बोटांनी वळलेली तेवढीच एक वस्तू त्याच्याकडे उरली होती. विनायकनं चावी उचलली, मळकी पट्टी सोडली आणि टेबलावर टाकली.

फौजदारानं ती नवशाकडे सरकवली. "हे घेऊन जा."

"ऱ्हाऊ द्या, सायेब," नवशा म्हणाला. "दावं परत नेत्यात ते इकनारे. म्या इकली न्हाई. गाडीतल्या त्या तांदळाला बी हात लावू नगा, त्यो बाईंचाच हाय."

चालत कार्ल्याला पोचायला दुपार कलली. गाडी जिथं उभी असायची, तिथं तेलाचा डाग होता. अंबाजीनं न मागता चहा दिला आणि विचारलं, "मंग त्या बिल्ल्याचा काय उपेग झाला रं?"

"झाला की. शोधनाऱ्याला गाडी घावली."

तो वाडीवर आला तेव्हा हिरा दारात बसली होती, दोन्ही हात पोटावर. सकाळपासून कंबर धरल्याचं तिनं बापाचा चेहरा बघून सांगितलं नाही. ते शेजारच्या झुंबरबाईनं नवशाला बाजूला घेऊन सांगितलं. "आज-उद्याच म्हन. गाडी खाली हाय न्हवं?"

एस.टी. होती, पण ती बाईची वेळ बघून येत नाही, आणि आली तरी कळा देणाऱ्या बाईला कोणी चढू देत नाही, हे चौदा वर्षांपूर्वीही तसंच होतं. त्यानं आत जाऊन कोयता घेतला. म्हातारा कोंडू अंगणात येऊन उभा राहिला. चिमाबाईच्या डोलीला पुढच्या बाजूनं खांदा दिला होता तो त्यानंच.

"तवाचा बांबू हाय माझ्या आढ्याला," कोंडू म्हणाला. "चांगला वाळलेला हाय."

"त्यो नगं, आबा," नवशा म्हणाला. "नवा तोडू."

आणि तो ओढ्याकडच्या बेटात सरळ बांबू शोधायला निघाला.