गल्ली पास झाली

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची डबी आहे. नाल्याच्या काठी गंजत पडले आहे. पूर्वी माझ्यात मलम असायचा. तो संपल्यावर सोलापुरातल्या एका दवाखान्याने मला उकळून घेतले आणि कामाला लावले. लोकांच्या शौचाचा नमुना तपासणीला नेणे, हे माझे काम. त्याची मला कधी लाज वाटली नाही.

दुष्काळाच्या साली विहिरी आटल्या. भाजी पिकायची ती फक्त गटाराच्या नाल्यावर. आपल्याकडे मेथी, मुळा भाकरीबरोबर कच्चाच खातात. एका गल्लीतल्या पोरांची पोटे फुगू लागली. दवाखान्यातले त्रिंबकराव म्हणाले, "डब्यांत जंताची अंडी सापडली, तर साऱ्या गल्लीला औषध देता येईल. ही भाजीही थांबवता येईल." त्यांनी घरोघर डब्या वाटल्या. मी महादेवीच्या घरी आले. तिची रत्ना पोट धरून निजली होती.

तेवढ्यात शेजारची काशम्मा आली.

"हिचं देतीस व्हय? नापास करतील की. मग पोरीला स्थळ कुटनं येणार?"

"मग काय करू, अक्का?"

"माझा नातू कालच मोहोळास्नं आलाय. घोड्यावानी हाय. समद्यांनी त्याचंच नेलंय. तू बी ने."

"एवढ्यांना पुरलं व्हय?"

"खातोय लई."

दोघी हसल्या.

काचेखाली कोणत्याच डबीत काही दिसले नाही. त्रिंबकराव पुन्हा पुन्हा पाहत राहिले. शेवटी दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी औषधाची खोकी दुसऱ्या वस्तीला पाठवली. गल्ली पास झाली. काशम्माने गूळ वाटला.

पुढे रत्नाच्या आतड्यात जंतांचा गोळा अडकला आणि ती गेली. तेव्हा महादेवी दवाखान्यात आली. "डबी द्या. आता खरं आणते," एवढेच ती म्हणाली. त्रिंबकरावांनी मलाच तिच्या हातात दिले. तिने धाकट्याचे आणले. त्यात अंडी सापडली. पण साहेब म्हणाले, "एका डबीवरून साथ ठरत नाही." धाकट्याला औषध मिळाले. महादेवी दारोदार सांगत फिरली. बायका म्हणाल्या, "पास झालोय की आमी. आता कशाला उकरतीस?"

मग डब्या नकोशा झाल्या. मला इथे टाकून दिले.

मित्रांनो, तुमच्या दारी कोणी डबी घेऊन आले तर जे तुमचे आहे तेच द्या, वाईट असले तरी. तिथे कोणी नापास होत नाही. मी सांगते खरी, पण माझे इथे कोण ऐकतो? समोर मेथी हिरवीगार उभी आहे. काशम्मा जुडी नाल्यातच खळबळून घेते आणि नातवासाठी नेते. तो मोहोळला परत गेलाच नाही. आता त्याचेही पोट पुढे आले आहे.