एकोणीसचा पंखा

मला कुणी शिवी दिली तर मी एक वेळ ऐकून घेईन, पण माझ्या हातच्या मशीनला नावं ठेवलेली मला खपत नाहीत. गुढ़ियारीत, रायपूरच्या एका वस्तीत, वीस वर्षं मी पाण्याचे पंप दुरुस्त केले. मग राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं आणि एका सरकारी खात्याने जलाशयावरच्या गस्तीसाठी चार बास बोटी आणल्या. मासेमारीच्या त्या बुटक्या, पळणाऱ्या परदेशी होड्या. त्यांच्या देखभालीचं काम चाचणीत पास होणाऱ्याला मिळणार होतं. उमेदवार दोनच, मी आणि शंकर नगरातला एक चकाचक शोरूमवाला. दोघांना एकेक बोट दिली होती. पाच माणसं बसवून ती पळवून दाखवायची.

माझ्या बोटीची मोटार नुसती बोंबलायची, बोट काही पुढे सरकायची नाही. मोटार फार वर बसवली होती, पंखा पाण्याऐवजी हवा ओढत होता. ती एक भोक खाली घेतली. तरी पाच माणसं बसली की बोटीचं नाक वर आणि मोटारीची दमछाक. पंखा एकोणीस नंबरचा होता, म्हणजे एका फेऱ्यात एकोणीस इंच पाणी कापू पाहणारा. एकट्यादुकट्याला ठीक, ओझ्याला नाही. मी पंधराचा मागवून बसवला. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी पाच जणांना घेऊन बोट पाण्यावर अशी उचलली गेली, की माझा मेहुणा शेखर टाळ्या पिटायला लागला. बारा वर्षं माझ्याच हाताखाली शिकलेला. सकाळी बोट पाण्यात उतरवून ठेव, असं त्याला सांगून मी निर्धास्त घरी गेलो.

चाचणीत बोटीचं नाक वर ते वरच राहिलं. साहेब एवढंच म्हणाले, "मिस्त्रीजी, आप पंप ही बनाइए." शोरूमवाल्याची बोट सरळ पळाली आणि काम त्याला मिळालं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

बोट परत देण्याआधी दोष शोधायचाच, म्हणून मी दुपारी तिथेच बसलो. फिल्टर पाहिला, प्लग पाहिले. शेखर शेजारी बसून नट खोलायचे पाने हातात देत होता आणि पेट्रोलमध्येच पाणी असेल म्हणत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! पंखा मी पाहिलाच नव्हता, कारण बोट ज्याच्या हाती दिली तो घरचा माणूस होता. शेवटी पंख्यावरचा चिखल पुसून कोरलेला आकडा पाहिला. एकोणीस.

आणि पंख्याचा नट सुटू नये म्हणून त्यात घालतात ती पिन. सगळे मिस्त्री तिचे दोन पाय दोन बाजूंना फाकवतात. मी दोन्ही एकाच बाजूला नटाभोवती वळवतो, म्हणजे पाण्यातला पाला अडकत नाही. अख्ख्या रायपुरात अशी पिन वळवणारे दोनच हात आहेत, माझे आणि मी शिकवलेले. नट काढला, तर आत दांड्याला ग्रीससुद्धा नीट लावलं होतं. गद्दारी करतानाही पोट्ट्याने काम माझ्यासारखंच केलं होतं. मला रडू आलं, रागाचं.

"काहून केलं बे?" मी विचारलं.

त्याने पान्यावरचं ग्रीस पुसलं. मग म्हणाला, "शोरूमवाले मले हेड मेकॅनिक करून राहिले, जीजाजी. तुमच्या दुकानात मी जन्मभर पानेच देऊ काय?" आणि थोड्या वेळाने, "दीदीले सांगू नका."

पंधराचा पंखा त्याने बोटीतच फळीखाली ठेवला होता. तो पिशवीत घालून घरी आलो. माझ्या बायकोने, प्रेमलाने, दोन ताटं वाढली होती, एक माझं, एक तिच्या भावाचं. तो कुठे राहिला, तिने विचारलं. मग हळूच म्हणाली, "काय बिघडलं होतं हो?"

भावाला लहानपणापासून तिनेच वाढवलेलं. मी हात धुतले, पाटावर बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, "मशीनच खराब होती."