बेंबीच्या वर कुठंबी

शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी. म्युनिकच्या विमानतळावर कुत्र्याने दोनदा हुंगलेली.

मानेच्या मणक्यांमधल्या दोन गाद्या, झिजून सपाट.

"दुकान मी बघायलोय, अप्पा. तुमी मान बघा." झरीहून मुलाचा, शंभुराजचा, व्हॉइस मेसेज.

लिंबाएवढी चांदीची डबी, दोऱ्यात ओवलेली.

आणि एक "न्हाई."

"न्हाई" सिद्रामप्पांचं. झरीचे किराणा दुकानदार, आत्ता जर्मन हॉस्पिटलच्या पलंगावर, मागून उघड्या झग्यात. ऑपरेशनला तासभर उरलाय. सर्जनबाई डबीकडे बोट दाखवतायत : गळ्यातलं काढा.

थांबा, आधीचं राहिलं.

सिद्रामप्पा रोज सकाळी डबीतलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात. हात छातीशी, नजर खाली. वर्षभर मान खालीच जात नव्हती. हात डोळ्यांपर्यंत उचलला की बोटांना मुंग्या, म्हणून बायको बसम्मा खालून मनगट धरून उभी राहायची. हैदराबादच्या डॉक्टरांनी मणके पट्टीने जोडून टाकायचं सुचवलं.

"मग मान किती वाकंल?"

"कमीच."

"मग नको."

दोन्ही जागी हलती गादी बसवायला तिकडे कुणी तयार होईना. म्युनिकला नोकरी करणाऱ्या मुलीने, ऋतुजाने, या बाई शोधल्या. फक्त एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. छेद मानेला समोरून देतात. नेमका जिथं दोरा असतो तिथं.

"अप्पा, दोन तासांचा प्रश्न आहे. मी हातात धरून बाहेर बसते."

"अंगावरून काढायचं न्हाई म्हणजे न्हाई. तुझं कुठाय?"

ऋतुजाने खिडकीबाहेर पाहिलं. "ड्रॉवरमध्ये."

"बघा. ड्रॉवरला दीक्षा दिली हिनं."

सर्जनबाईंनी विचारलं, हे कधीपासून गळ्यात आहे? ऋतुजाने भाषांतर केलं.

"माझ्या आधीपासून," बसम्मा म्हणाली. "मी कधी तक्रार केली न्हाई. यांनी काहून करावी?"

बाई हसल्या, पण मान हलवली. चांदी एक्स-रेत आडवी येते. दोरा जखमेजवळ चालणार नाही. नाहीतर आजचं ऑपरेशन रद्द.

"चला मग," सिद्रामप्पा झग्याच्या गाठी शोधू लागले. मागे वळता येईना, गाठी सापडेनात.

"बसा गप," बसम्मा म्हणाली. "लिंग आत दगडाचं हाय. डबी मी ठेवते, लिंग तुमी ठेवा. बेंबीच्या वर कुठंबी चालतंय. गळा गेला. ह्या दंडाला बीपीचा पट्टा, त्या हाताला सलाईन. छातीवर त्यांच्या वायरी." तिने नवऱ्याला खालून वर न्याहाळलं. "डोकं रिकामंच हाय की यांचं!"

"बसम्मा!"

"रिकामं म्हंजी मोकळं. ऋतू, सांग त्यांना."

ऋतुजाला हसू आवरेना. तिने सांगितलं. बाईंनी एकदा नर्सकडे पाहिलं, एकदा छताकडे, आणि कपाट उघडून निर्जंतुक कापडाची पट्टी काढली. बसम्माने लिंग त्यात गुंडाळलं, टाळूवर ठेवून पट्टी कानांमागून बांधली. वरून निळी कागदी टोपी. टोपीला मध्येच उंचवटा.

"नवरदेव दिसायलेत," बसम्मा म्हणाली.

शुद्ध आली तेव्हा सिद्रामप्पांचा हात आधी डोक्याकडे गेला. होतं. आवाज पार बसला होता, त्यामुळे त्या दिवशी खोलीत शांतता होती, असं बसम्मा अजून सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लिंग तळहातावर घेतलं. बसम्मा सवयीने मनगट धरायला पुढे आली. त्यांनी मानेनेच नको म्हटलं, मग आपण मानेने नको म्हटलं हे त्यांच्या लक्षात आलं, म्हणून परत एकदा म्हटलं.

मग हळूच खाली पाहिलं.

झरीहून निघताना निरोप द्यायला सगळी गल्ली आली होती, आणि मान वळत नसल्याने सिद्रामप्पांनी एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं.