उतारावरचं ॲव्हरेज

आमच्या पाणी भरायच्या कारखान्यात तो फळा लागला, तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. फळ्यावर आम्हा सात ड्रायव्हरांची नावं आणि पुढे प्रत्येकाच्या गाडीचं ॲव्हरेज. सगळ्यांत वर माझा जावई, लिटरला चौतीस. सगळ्यांत खाली मी, पंचवीस, आणि माझ्या नावाखाली लाल रेघ. पुढे मोटरसायकल, मागे दोन चाकांवर हौदा, अशी ही तीनचाकी मी बावीस वर्षं हाकतोय. आणि कालपरवा आलेला साहेब मला रेघा मारून दाखवतो!

"तुम्ही वरचा गिअर फार उशिरा टाकता," साहेब म्हणाला. "इंजिन ओरडतं, पेट्रोल जातं."

हा माणूस स्वतः बिनगिअरच्या स्कूटरवरून येतो.

"साहेब, मागे तीस जार असतात. चढावर चौथ्यात टाकली तर गाडी जागेवर बसेल."

"जावयाच्या गाडीतही तीसच असतात. त्याच्याबरोबर एक फेरी मारा आणि शिकून घ्या."

सासऱ्याने जावयाकडे शिकवणीला जायचं! "पाटी-पेन्सिल घ्या हो सोबत," कोणीतरी मागून म्हणालं आणि सगळे खिदळले. जावई तेवढा हसला नाही. मुकाट्याने पुढे सरकून त्याने सीटवर मला जागा करून दिली.

चढावर तो अगदी माझ्यासारखीच चालवत होता. दुसरा, तिसरा, परत दुसरा. मग हे चौतीस येतात कुठून? टेकडीच्या माथ्यावर कळलं. त्याने क्लच दाबला, गाडी न्यूट्रलला आणली आणि दिली सोडून. समोर दीड किलोमीटरचा उतार, तळाला भर वाहतुकीचा चौक. मागून सहाशे किलो पाणी ढकलतंय आणि धरून ठेवायला इंजिन नाही, नुसते ब्रेक. चौकात थांबलो तेव्हा चाकांतून जळका वास येत होता.

"जावईबापू, अहो हे काय चालवलंय? ब्रेक गेले तर?"

"आजवर गेलेत का, मामा?"

"माझ्या पोरीला सातवा महिना आहे!"

"म्हणूनच तर. फळ्यावर वर नाव असलं की जवळचा रूट मिळतो. वेळेत घरी जाता येतं."

मी तडक साहेबाकडे गेलो. सगळं सांगितलं. त्याने मान वर न करता विचारलं, "आकडा चांगला आहे ना? मग झालं तर."

झालं तर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी गोड आवाज काढून म्हणालो, "बरोबर आहे साहेब. मीही शिकलोय आता. चला, दाखवतो."

तो खुशीत मागे बसला. हौदा मी मुद्दाम रिकामा ठेवला होता. डोकं फिरलं होतं, पण ठिकाणावर होतं. माथ्यावर आलो आणि न्यूट्रल टाकला. पहिल्या वळणापर्यंत साहेब ऐटीत बसला होता. दुसऱ्या वळणावर त्याने माझी कंबर आवळली.

"अहो, गिअर टाका! गिअर!"

"टाकतो की. पण पेट्रोल जाईल."

तेवढ्यात समोरून रिकामे जार घेऊन जावई चढ चढत होता. आम्ही सणकन त्याच्या बाजूने गेलो. त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला मला दिसला. मग मात्र मी ब्रेक मारत तिसरा टाकला, मग दुसरा. इंजिन केकाटलं आणि गाडी ताब्यात आली.

साहेब चौकात उतरला आणि चालत परत गेला. फळा काही त्याने काढला नाही. एवढा कोडगा माणूस मी पाहिलेला नाही.

संध्याकाळी जावई बुटांसकट माझ्या घरात शिरला. "मामा, या वयात हे धंदे? काही झालं असतं तर हिला मी काय सांगणार होतो?"

"मला हेच विचारायचं होतं तुम्हाला," मी म्हणालो.

 तो खाली बसून बूट काढायला लागला.

महिनाअखेर फळ्यावर लाल रेघ त्याच्या नावाखाली आली. चोवीस. साहेबाने त्याला सगळ्यांत लांबचा रूट दिला, वर मलाच सुनावलं, "तुम्ही बिघडवलंत त्याला." आता टेकडीवरून दुसऱ्या गिअरमध्ये केकाटत येणारी त्याची गाडी मला चौकातूनच ओळखू येते.

पोर माझ्याकडे कुरकुर करते, हल्ली हे रोज उशिरा घरी येतात म्हणून.

"येतात ना?" मी म्हणतो.