दोघींनी उन्हात धरलेली चौकट

मित्रांनो, साल होते १९७१. मी एक जुनी छापचौकट आहे, पण तेव्हा कोरी करकरीत होते. पुढे काच, मागे बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या. सागवानात मला घडवणाऱ्या सुताराने बजावले होते, "बघायचं तर एकच फळी उघडा. दुसरीनं कागद धरलेला असतो."

आमच्या कामाला कॅमेरा लागत नसे. घरातली वहिनी उन्हाने निळे होणारे रसायन लावलेल्या कागदावर झाडाचे पान ठेवून ते माझ्या काचेखाली दाबी आणि मला उन्हात नेई. कागद धुतला, की निळ्यावर पांढरे पान उमटे.

अशा चित्रांचे तिचे पहिलेच पुस्तक होते. अकरा चित्रे तयार होती, बारावे नेच्याचे राहिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकाशकाचा माणूस येणार होता. एक जरी चित्र कमी पडले, तर काम दुसऱ्याकडे जाणार होते. आणि तिच्या नणंदेने उत्साहाच्या भरात दोन्ही फळ्या उघडल्या! नेचा सरकला, कागदावर एकाच पानाचे जुळे उमटले.

"तूच म्हणालीस ना, झालं का बघा!"

"वन्सं, घर बघा म्हटलं तर तुम्ही छप्परच काढाल!"

झाले, अबोला. रसायन लावलेला नवा कागद अंधाऱ्या खोलीत वाळेपर्यंत ऊन कलले. गच्चीवर कठड्याची सावली पसरली. मग दोघींनी माझी एकेक बाजू धरून मला सावलीच्या वर, उन्हात उचलले. तासभर. मी निर्धास्त होते; त्या हातांची पकड मला कळत होती.

बऱ्याच वेळाने वहिनी म्हणाली, "हात दुखतात का?"

"तुझे दुखतायत, म्हणून विचारतेस!"

दोघी हसल्या, पण मला तसूभरही हलू दिले नाही. नेच्याची शीर न् शीर उमटली.

पुढे वहिनीची सहा पुस्तके निघाली. नणंदबाईंनी शाळेतल्या मुलींना हे छापकाम शिकवले. सुताराने म्हातारपणी दुकान लेकीच्या हाती दिले. मी मात्र वीस वर्षे माळ्यावर पडून होते. एक कोपरा वाळवीने खाल्ला. वहिनीच्या नातीने तो बदलून घेतला. मित्रांनो, जुन्या अवजारांना अधूनमधून हात लावत जा. आमची झीज कामाने होत नाही इतकी पडून राहण्याने होते.

त्या पहिल्या पुस्तकावर दोन नावे आहेत. "माझं कशाला? मी तर घोळ घातला," असे नणंदबाई म्हणाल्या होत्या.

"घातलात खरा," वहिनी म्हणाली, "पण निस्तरायलाही थांबलात ना!"